मनात नाही म्हणून दुखतं म्हणे

लग्नाला चार वर्षं झाली तोवर ज्योत्स्नाने चार डॉक्टर पाहिले होते. चौघांबद्दल तिचं मत एकच होतं: यांच्यापेक्षा आमच्या लॅबमधलं सेंट्रीफ्यूज यंत्र बरं, निदान फिरतं तरी.

ती मूळची सटाण्याची. नाशिकला कॉलेज रोडवरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होती. नवरा हर्षल द्राक्षाच्या औषधांच्या कंपनीत विक्रीला. कुठल्या घडाला कुठली फवारणी कितव्या दिवशी, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. बायकोला नेमकं कुठे दुखतं, हे चार वर्षांत एकदाही विचारावंसं वाटलं नाही.

दुखायचं ते पहिल्या रात्रीपासून. संबंधाच्या वेळी योनीच्या तोंडाशी कुणी मिरची चोळून वर चटका द्यावा तसं. नंतर तासभर आग. तिने आईला फोन केला, तर सावित्रीबाई म्हणाल्या, "सर्वास्ले दुखस, बेटा. कोनी सांगत नही." ज्योत्स्नाला आईचा राग आला. मग लक्षात आलं, आई समजूत घालत नव्हती, स्वतःचीच हकिगत सांगत होती. बत्तीस वर्षांची.

पहिल्या डॉक्टरने तपासलंच नाही. "रिलॅक्स राहा, नवीन लग्न आहे," म्हणाला आणि पुढच्या पेशंटची बेल दाबली. दुसऱ्या डॉक्टरबाईने बुरशीवरचं मलम दिलं. ज्योत्स्नाने स्वतःचा स्वॅब स्वतःच्या लॅबमध्ये तपासून घेतला होता, त्यात बुरशीचा मागमूस नव्हता. रिपोर्ट पुढे केला, तर बाई म्हणाल्या, "तरी लावा." तिने सहा महिने ते मलम लावलं, वरून दुकानातला सुगंधी वॉश वापरला, आणि आग दुप्पट झाली. तिसऱ्याने सांगितलं, एक मूल झालं की आपोआप जाईल. मूल व्हायला काय लागतं, हे त्या एमडी माणसाला माहीत असावं अशी तिची समजूत होती. चौथ्याने तिला बाहेर बसवलं आणि हर्षलला आत घेऊन सांगितलं, "मनात नाही त्यांच्या. म्हणून दुखतं."

हर्षलला हे फार पटलं. घरी येऊन तो म्हणाला, "डॉक्टर बोलले ना. तुझ्या मनातच नाही. दुसरं कोणी होतं का आधी?"

त्या रात्रीपासून ज्योत्स्नाला त्याची कीव यायची बंद झाली. कीव गेल्यावर उरला तो तिरस्कार, आणि तो तिने लपवलाही नाही.

पुढे एके दिवशी लॅबमध्ये एक नमुना आला. चिठ्ठीवर तक्रारीच्या रकान्यात लिहिलं होतं: संबंधाच्या वेळी जळजळ, दोन वर्षे, व्हल्वोडायनिया? खाली गंगापूर रोडच्या डॉ. मनीषा यांची सही. इतकी वर्षं जे तिला एकटीचं वाटत होतं, त्याला नाव होतं. त्याबद्दल तिने जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर वाचलं आणि डबा तसाच परत नेला.

ती दाखवायला गेली तेव्हा डॉ. मनीषांनी आधी अर्धा तास नुसतं ऐकलं. मग विचारलं, "तपासू का? थांबा म्हणालात की थांबेन." एक ओली कापसाची काडी योनीच्या तोंडाभोवती एकेका जागी हलकेच टेकवत त्या विचारत गेल्या, शून्य ते दहात किती दुखतं. वर शून्य. बाजूला दोन. खाली टेकवली तेव्हा ज्योत्स्ना टेबलावरून उडाली.

"नऊ," ती म्हणाली आणि रडली.

"हा मनाचा खेळ नाही. इथल्या नसा नको तितक्या जाग्या झाल्यात. कापूस लागला तरी चटका कळवतात. मग आतले स्नायू घाबरून आवळून बसतात, त्याने आणखी दुखतं. बरं होतं, पण वेळ लागतो."

सुगंधी वॉश त्यांनी तिथेच बंद करायला लावला. सुन्न करणारं मलम दिलं, रात्री नसांसाठी एक बारीक गोळी, आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल सोडायला शिकवणारी फिजिओथेरपी. "दुखत असताना संबंध नाही. नवऱ्यालाही घेऊन या."

हर्षल एकदाच आला. डॉक्टर बोलत असताना व्हॉट्सअॅप बघत बसला. जिन्यात म्हणाला, "नसांचा आजार? तिथे?" आणि हसला. महिन्याभरात त्याच्या आईने, वत्सलाबाईंनी, वणीहून त्याच्या चुलत्यांना, कोंडाजींना, बोलावून बैठक बसवली. घरातले पाच पुरुष सोफ्यावर, ज्योत्स्ना प्लॅस्टिकच्या खुर्चीवर.

कोंडाजींनी घसा साफ केला. "पोरीत काय दोष हाय, ते एकदा कळू द्या."

"कळू द्या ना," ज्योत्स्ना म्हणाली आणि पर्समधून डॉक्टरांचा कागद काढून मोठ्याने वाचायला लागली. योनीचं तोंड. स्नायू. संबंध. प्रत्येक शब्द स्वच्छ, लॅबमध्ये रिपोर्ट वाचतात तसा. पाचही कर्ते पुरुष पंख्याकडे बघू लागले. एकाला लगेच फोन आला, जो वाजलाच नव्हता. वत्सलाबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "अगं, लाज!"

"माझ्या अंगाची बैठक भरवताना नाही वाटली ती?"

कोंडाजी म्हणाले, "आता च्या तरी आणा." ज्योत्स्नाने चहा आणला नाही. बॅग भरली आणि लॅबजवळ मैत्रिणीच्या खोलीवर राहायला गेली.

उपचार दहा महिने चालले. पहिले तीन महिने काही फरक नव्हता, आणि ती डॉ. मनीषांनाही त्या चौघांच्या रांगेत बसवायला निघाली होती. फिजिओथेरपीवालीने श्वास सोडायला सांगितला की तिला चीड यायची. माणसाला श्वाससुद्धा शिकवायला लागतो का? पण चौथ्या महिन्यात नऊचे सहा झाले. मग चार. दहाव्या महिन्यात काडी टेकली तेव्हा ती म्हणाली, "दोन. कदाचित दीड."

बातमी कुठून तरी पोचली. हर्षल लॅबखाली येऊन उभा राहिला, इस्त्रीचा शर्ट, हातात द्राक्षांची पेटी. "बरी झालीस म्हणे. मग आता ये ना घरी. माझ्याकडून काही राग नाही."

ज्योत्स्नाने त्याच्याकडे नीट पाहिलं. हा माणूस खरोखरच क्षमा करायला आला होता.

"हर्षल, मी माझ्यासाठी बरी झाले. तुला परत वापरता यावं म्हणून नाही."

"म्हणजे डॉक्टर खरंच बोलले होते. तुझ्या मनातच नव्हतं."

"तेव्हा होतं," ती म्हणाली. "आता नाही."

ती जिना चढून वर गेली आणि हातमोजे घालून संध्याकाळचे नमुने लावायला बसली. घटस्फोटाचा अर्ज तिने पुढच्याच सोमवारी वकिलामार्फत दिला.