जेवणाची सुट्टी शेवटी

आयर्लंडमधल्या ट्रली गावाबाहेर, समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक लॉन्ड्री होती. केरी जिल्ह्यातल्या हॉटेलांच्या चादरी आणि टॉवेल तिथे धुवायला येत. यामिनी तिथे कामाला लागली तेव्हा आलोक म्हणाला होता, "कशाला? मी कमावतो ना." आलोक डब्लिनच्या एका कंपनीचं काम घरच्या लहान खोलीत बसून करायचा. चिंचवडला पतपेढीत बारा माणसांना हाताखाली घेऊन काम केलेल्या यामिनीला घर खायला उठलं होतं. ती म्हणाली, "माणसांत जायचंय मला."

माणसं भरपूर मिळाली. ब्राझीलच्या, पोलंडच्या, गावातल्या बायका. त्यातली ब्रीडा सगळ्यांत जुनी, साठीकडे झुकलेली, काटकुळी. सुट्टीची घंटा झाली की ब्रीडा हातातली चादर अर्धी आत, अर्धी बाहेर असली तरी मशीन थांबवायची आणि चहाला निघायची. पहिल्या दिवशी यामिनीला हसूच आलं होतं. पतपेढीत गिऱ्हाईक समोर उभं असताना डबा उघडायची कोणाची छाती नव्हती. इथे मात्र साडेचार तास काम झालं की पंधरा मिनिटं, आणि दिवस मोठा असेल तर अर्धा तास, हे कायद्यानंच ठरलेलं.

वर्षभरात तिला सुपरवायझर केलं. मॅनेजर फिंटन दिलखुलास माणूस. कोणाचा वाढदिवस कधी, कोणाचं पोर आजारी, सगळं लक्षात ठेवायचा. तिच्याशी हात मिळवून तो म्हणाला, "आता घंटा तुझ्यासाठी नाही, यामिनी. तुझा वेळ तू ठरवायचा."

घरी तिनं शिरा केला. आलोकला तोंडात घास असतानाच हसू फुटलं. "म्हणजे आमच्यातली झालीस! आम्हाला पण असंच आहे. कधीही जेवा, कोणी अडवत नाही."

"आणि जेवायला कोणी उठवत पण नाही ना?" तिनं विचारलं.

आलोकनं शिऱ्याची वाटी पुन्हा पुढे केली. त्याचं दुपारचं ताट बऱ्याचदा की-बोर्डशेजारी गार व्हायचं, हे तिला ठाऊक होतं.

उन्हाळा आला, हॉटेलं भरली, गाड्यांमागून गाड्या यायला लागल्या. एक दिवस फिंटननं तिला ऑफिसात बोलावलं. "मधली सुट्टी काढून टाकू. त्याऐवजी सगळ्यांना अर्धा तास लवकर सोडू. पोरांना शाळेतून आणणाऱ्या बायकांना बरंच पडेल. तू बोल त्यांच्याशी, तुझं ऐकतात."

ती बोलली. बायका खूश झाल्या, एकीनं तर तिला मिठीच मारली. एकटी ब्रीडा चादरीची घडी घालता घालता म्हणाली, "शेवटी मिळते ती सुट्टी नसते, लव्ह. ते नुसतं घरी जाणं असतं."

यामिनीला ते तेव्हा हटवादी वाटलं.

पहिले काही दिवस छान गेले. मग चादरींना इस्त्री करणाऱ्या मशीनच्या गरम रुळांसमोर बोलणं बंद झालं. आधी तिथे इतका गलका असायचा की रेडिओ ऐकू यायचा नाही. आता रेडिओ स्वच्छ ऐकू यायला लागला. एका पोलिश बाईची बाही गरम रुळात ओढली गेली. कापड टरकन फाटलं, हात थोडक्यात वाचला, आणि ती त्या फाटक्या बाहीकडे बघत नुसती उभी राहिली. ओरडलीसुद्धा नाही. दुसरी एक उशांच्या अभ्र्यांच्या ढिगापाशी रडताना दिसली. "काय झालं गं?" विचारलं तर म्हणाली, "काही नाही. कुठे काय?"

यामिनी स्वतः तर दिवसभर बसतच नव्हती. तिचा वेळ तिचा होता, पण तिच्या जागी उभं राहायला कोणी नव्हतं. एका संध्याकाळी ती घराच्या फाट्यावरून सरळ पुढे गेली आणि गाडी थेट समुद्राशी येऊन थांबली. इथवर कशी आले, तिला आठवेना. लेक अनुया घरी विचारत होती, "मॅम, व्हेअर वर यू?" यामिनी म्हणाली, "ट्रॅफिक होतं गं." ट्रलीत, त्या वेळी!

आणखी एक गोष्ट तिला खुपत होती. स्पावाल्या हॉटेलांचे टॉवेल मालिशच्या तेलानं माखलेले यायचे. धुतले तरी तेल पुरतं जात नसे, आणि तेलकट कापड गरम रचलं की आतल्या आत तापत जातं. म्हणून ड्रायरमध्ये वाळवून झाल्यावर ते शेवटी गार हवेत फिरवायचे, असा नियम. वेळ वाचवायला फिंटननं ते गार फिरवणंही बंद केलं होतं. गरम टॉवेल, गरम घड्या, ट्रॉल्यांत रचलेल्या गरमच थप्प्या. दमलेल्या बायका त्या उबदार थप्प्यांना पाठ टेकून उभ्या राहायच्या. एकदा यामिनीनं एका थप्पीच्या पोटात हात घातला आणि चटका बसून मागे घेतला. वरचे टॉवेल केव्हाच निवले होते. आत धग वाढत होती.

तिनं फिंटनला सांगितलं. "सीझन संपू दे," तो म्हणाला. "मग बघू. चिंता नको, सगळं ग्रँड आहे."

जुलैतल्या त्या शुक्रवारी कधी नव्हे इतकं ऊन होतं. दुपारी ब्रीडा मशीनपाशी खाली बसली. "एक मिनिट फक्त," ती म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. यामिनीनं तिला पाणी दिलं आणि मान वर केली. शेजारी बाई खाली बसली होती आणि रांगेतल्या एकीनंही वळून पाहिलं नव्हतं. हात चादरी सारत होते. डोळे कुठेच नव्हते.

यामिनी भिंतीपाशी गेली आणि तिनं घंटेचं बटण दाबलं.

"सगळ्या बाहेर. आत्ता. ब्रीडाला धरून न्या."

फिंटन धावत आला. "यामिनी, ट्रक यायचाय!"

"येऊ दे. थांबेल."

बायका पार्किंगमागच्या गवतावर जाऊन बसल्या. यामिनीही निघाली होती. तेवढ्यात ऑफिसातला फोन वाजला आणि ती सवयीनं मागे वळली. बाकीच्यांना तिनं स्वतःच बाहेर पाठवलं होतं. आपणही बाहेर जायचंय, हे तिच्या मनातच आलं नाही.

फोनपर्यंत ती पोहोचलीच नाही. टॉवेलांच्या एका ट्रॉलीतून धुराची बारीक रेघ वर जात होती. थप्पी मोकळी करावी म्हणून तिनं वरचे टॉवेल ओढले. आतल्या काळ्या पोकळीला वारा लागला आणि ज्वाळा एकदम तोंडाशी आली. शेजारच्या ट्रॉल्यांनी पाठोपाठ पेट घेतला. तिथेच, त्या ट्रॉल्यांना टेकून, थोड्या वेळापूर्वी बायका उभ्या होत्या. धूर दाट आणि तेलकट. रोजच्या येण्याजाण्याचं दार तिला सापडेना. ती भिंत चाचपडत राहिली, मग गुडघ्यांवर आली.

तिला बाहेर ओढून आणलं ते फिंटननं. त्याचे दोन्ही हात भाजले.

हॉस्पिटलात तो तिला भेटायला आला. हातांना बँडेज, बगलेत द्राक्षांची पिशवी. तिच्या छातीची घरघर त्याला ऐकू येत होती. हळूच तो म्हणाला, "चौकशीला माणसं येतील. सुट्टी बायकांनी राजीखुशीनं सोडली होती, एवढंच सांग. तूच तर त्यांना विचारलं होतंस, आठवतं ना?"

आवाजात धमकी नव्हती. म्हणूनच तिच्या अंगावर काटा आला.

"त्यानं तुझा जीव वाचवलाय," आलोक म्हणाला. "जरा जपून बोल."

"माहितीये मला."

कामगार खात्याची निरीक्षक आली, एक शांत बाई. यामिनीनं सगळं सांगितलं: सुट्टी कोणी काढली, बायकांना कोणी पटवलं, गार फिरवणं कोणी थांबवलं आणि आगीतून कोणी ओढलं. बाई म्हणाली, "दिवसाच्या शेवटी दिलेली सुट्टी कायद्यात धरत नाहीत. आणि नुसतं सुपरवायझर म्हटल्यानं तुमचा हक्क जात नाही. आपले कामाचे तास जो खरोखर स्वतः ठरवतो, त्याचीच गोष्ट वेगळी. तुम्ही ठरवत होतात का?"

"नाही," यामिनी म्हणाली. "मला तसं वाटत होतं."

लॉन्ड्री बंद पडली. मालकांवर खटला उभा राहिला, फिंटनची नोकरी गेली. बायका विखुरल्या. मिठी मारणारी ती बाई आता सुपरमार्केटात दिसली की दुसऱ्या रांगेत जाते, कारण यामिनीच्या बोलण्यानं तिचं काम गेलं. यामिनीला जिना चढताना मध्ये थांबावं लागतं.

परवा ब्रीडाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "फिंटनला कासलबारला काम मिळालंय. मोठी लॉन्ड्री आहे. माझ्या भाचीला त्यानं सुपरवायझर म्हणून घेतलं. फार खूश आहे पोरगी. म्हणते, बॉस किती चांगला आहे."

यामिनीनं भाचीचा नंबर मागून घेतला. दोनदा लावला. पोरगी कामावर होती, उचलला नाही.

"मला कासलबारला सोडशील? त्या पोरीशी बोलायचंय." तिनं आलोकला विचारलं.

"आज? किती लांब आहे ते. आणि तुझी तब्येत..."

यामिनीनं दम्याचा पंप पर्समध्ये टाकला, कोट चढवला आणि गाडीत जाऊन बसली.