मास्तरांचे फुटाणे

"तुह्या मशीनले भूक लागते का?"

माझ्या स्टुडिओचं दार उघडलं की मास्तर आत पाऊल टाकायच्या आधी हे विचारायचे. मी नाही म्हणायचो. मग ते अशी मान हलवायचे, जशी काही त्यांनी माझ्या घरच्या म्हशीची तब्येत विचारली आणि उत्तर वाईट आलं. "मंग तिचा ठेका उपाशीच राहीन," एवढं बोलून चपला बाहेर काढायचे, आणि ज्या मशीनचा त्यांनी अपमान केला तिच्याच शेजारची खुर्ची ओढून बसायचे.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. बाकावर ताल धरल्याबद्दल चौथीतून आपल्याला सन्मानानं घरी पाठवलं, असं ते स्वतःच सांगायचे. अकोल्याच्या एका धुमाल पार्टीत ते ड्रमसेट वाजवायचे. धुमाल ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. एका ट्रकवर घराच्या भिंतीएवढे स्पीकर, त्यांच्यापुढे कीबोर्ड, पॅड, ड्रम, आणि ट्रकच्या मागे अख्खं गाव. लग्न असो, गणपती असो, जयंती असो की दर्ग्याचा संदल, ट्रक तोच, वाजवणारे तेच, फक्त गाणी बदलतात.

मी वाढवून सांगतो असं अमरावतीत काही लोक म्हणतात. ते जळतात. पण पातूरच्या एका लग्नात मास्तरांनी बेस ड्रमवर पाय ठेवला आणि पलीकडच्या मांडवातल्या पंगतीत वरणाला लाटा आल्या, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. माझ्या पानातलं वरण शेजारच्या पानात गेलं. शेजारी बसलेल्या पाहुण्यानं ते जेवूनही टाकलं. आता याहून मोठा पुरावा कुठून आणू?

आणि त्यांचे फुटाणे. ते तर सांगितलंच पाहिजे. गाणं रंगात आलं की सगळे थांबायचे आणि मास्तर एकटे वाजवायचे. आधी एक ठोका, मग त्या ठोक्याच्या पोटातून दुसरा, त्याच्या पोटातून तिसरा, एकाहून एक लहान, एकाहून एक जवळ. भडभुंज्याच्या कढईत तापलेल्या वाळूवर चणे पडावेत तसा आवाज. चांदूर रेल्वेला स्टेशनसमोर त्यांनी फुटाणे वाजवले तेव्हा मालगाडीच्या ड्रायव्हरनं गारा पडतात समजून डोकं आत घेतलं. घोडी तर नवरदेवासकट रस्त्याच्या कडेला आडोशाला जाऊन उभी राहिली. पोरं ओरडायची, "मास्तर, फुटाणे." मास्तर मान खाली घालून हसायचे आणि आणखी मूठभर टाकायचे.

माझा धंदा याच्या अगदी उलटा. अमरावतीत एका जुन्या बर्फकांडीच्या कारखान्यात मी स्टुडिओ टाकला होता. भिंती जाड, दार तिजोरीसारखं, आणि रेकॉर्डिंग चालू असताना पंखा बंद. मे महिन्यात तिथं गाणं म्हणायला आलेला माणूस दुसऱ्या कडव्यापर्यंत निम्मा उरायचा. अशा खोलीत खऱ्या ड्रमचा आवाज डब्यात गोटे हलवल्यासारखा यायचा. म्हणून मी ट्रिगर आणले. ट्रिगर म्हणजे पितळेची एक बारकी चकती. ती ड्रमच्या कातड्याला कडेनं चिकटवायची, तिची वायर मशीनला जोडायची. ठोका पडला की चकती थरारते, मशीनला खबर जाते, आणि मशीन आपल्या पोटातला एक तयार, घोटून गुळगुळीत केलेला ठोका त्या जागी ठेवून देते. हात वाजवणाऱ्याचा, आवाज मशीनचा.

मास्तर त्या चकत्यांना टिकल्या म्हणायचे. "पाह्य, ड्रमले नवरी करून राहिला हा," असं साऱ्या पार्टीला सांगायचे. मला इंजिनेर म्हणायचे. या शब्दाइतकी पातळ शिवी मी दुसरी ऐकलेली नाही.

टिकल्या पहिल्यांदा लावल्या त्या दिवशी मी मशीनचे कान जरा जास्तच तिखट ठेवले होते. मास्तर बसले आणि खोकले. मशीननं ठाप् केलं. "कोन वाजवलं?" मास्तरांनी विचारलं. मशीननं परत ठाप् ठाप् केलं. मास्तरांना प्रकार समजला. मग त्यांनी स्टिक मांडीवर ठेवल्या, ड्रमच्या तोंडाशी वाकले, आणि नुसत्या शिव्या देऊन मला आठ मात्रांचा ठेका वाजवून दाखवला. माझ्यापासून सुरुवात करून माझ्या सासुरवाडीपर्यंत गेले. ते रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. त्यात शिव्या ऐकू येत नाहीत, फक्त सुंदर ड्रम ऐकू येतो. तरी घरच्यांसमोर लावायला लाज वाटते.

मग ते उठले. "तुह्या टिकल्या काढ," म्हणाले. "माह्या ड्रमले माह्याच आवाजात बोलू दे." त्यानंतरची सगळी गाणी त्यांनी टिकल्यांशिवाय वाजवली. आवाज डब्यातल्या गोट्यांसारखा आला, आणि लोक त्यावरही नाचले.

असे हे मास्तर एका दुपारी एकटेच आले. पार्टी नाही, जीप नाही, एसटीनं आले. मशीनच्या भुकेची चौकशी केली नाही. हात पँटच्या खिशात. आमच्याकडच्या उन्हात खिशात हात घालणारा माणूस मी पहिल्यांदा पाहत होतो.

"टिकल्या हायेत का?" त्यांनी विचारलं.

"आहेत की मास्तर. पण तुम्हाला कशाला?"

"लाव."

मी थट्टा करायला तोंड उघडलं आणि त्यांनी हात खिशातून काढले. काढून माझ्यासमोर धरले, बस्स. दोन्ही हात हलत होते. उजवा जास्त. जोराची हवा सुटल्यावर दारावरचं तोरण हलतं तसे. मास्तर त्यांच्याकडे असं पाहत होते, जसे ते हात दुसऱ्या कोणाचे आहेत आणि सांभाळायला त्यांच्याकडे ठेवून गेलंय कोणी.

"दिवाळीपासून हाय," ते म्हणाले. "डाक्टरनं गोया देल्या. गोया चांगल्या हायेत, झोप येते."

मग त्यांनी बाकीचं सांगितलं. पार्टीचा मालक म्हणत होता, यंदा ड्रम नको, पॅडवर भागवू. आमच्याकडे धुमाल पार्टीचा एक रिवाज आहे. हंगामाच्या आधी पार्टी एक नवं गाणं रेकॉर्ड करते, ते मोबाइलवर गावोगाव फिरतं, त्यावर सुपाऱ्या येतात. आणि गाण्यात ज्याचा हात, हंगामभर ट्रकवर त्याचीच जागा. मालकानं मास्तरांना शब्द दिला होता, की गाणं वाजवून आणा, नीट असलं तर ट्रकवर बसा.

"नीट नसलं त मी ट्रकच्या खाली," मास्तर म्हणाले. "खालून मी धुमाल कधी पाह्यलाच नाई इंजिनेर. मले समजनच नाई कुठी उभं रायचं ते."

मी टिकल्या लावल्या. मशीनचा आवाज नंतरही देता येतो, म्हणून आधी नुसती चकत्यांची टकटक रेकॉर्ड केली. मास्तरांनी वाजवलं. पडद्यावर प्रत्येक ठोका उंच उमटला, आणि त्याच्यामागे बदकाच्या पिल्लांसारखे तीन-चार बारके ठोके. ठोका मारून झाल्यावर स्टिक कातड्यावर थरथरत होती, ते सगळं चकतीनं इमानानं लिहून घेतलं होतं. मशीननं त्या प्रत्येक पिल्लाला एकेक दणदणीत ठोका बहाल केला. ऐकल्यावर वाटलं, जिन्यावरून भांडी पडताहेत.

मास्तरांनी घाम पुसला.

पण यावर माझ्या मशीनकडे औषध होतं. एक ठोका ऐकला की क्षणभर बहिरं व्हायचं, असं तिला सांगता येतं. त्या वेळात जे काही बारीकसारीक पडेल ते तिनं ऐकायचंच नाही. हा बहिरेपणा किती ठेवायचा ते माझ्या हातात. मी वाढवला. पिल्लं गेली. नुसते उंच, ताठ, एका ओळीत उभे ठोके राहिले. आवाज दिला. काय सांगू तुम्हाला, बर्फकांडीच्या त्या भिंतींना पुन्हा गारवा सुटला. मास्तर चाळिशीत वाजवत होते तसं वाजत होतं.

मास्तर खुर्चीत सरळ झाले. "अबे, हे त म्या वाजवलं," म्हणाले. कोणी तरी हरवलेली वस्तू परत आणून दिल्यासारखा चेहरा. "तुह्या मशीनले काई खाऊ घाल बाप्पा, शानी हाय ते."

गाणं पुढे सरकलं. सगळे थांबतात ती जागा आली.

ठाप्.

मग शांतता. मग पुन्हा एक ठाप्.

"फुटाने कुठी गेले?" मास्तरांनी विचारलं.

फुटाणे मशीननं खाल्ले होते. ठोक्याच्या पोटातले लहान ठोके, एकाहून एक जवळ, एकाहून एक हलके. बहिरेपणाच्या त्या क्षणात ते सगळे आले आणि बाहेरच्या बाहेर परत गेले. मी बहिरेपणा कमी केला, फुटाणे आले, त्यांच्यामागून थरथरही आली. वाढवला, थरथर गेली, फुटाणेही गेले. मधल्या सगळ्या जागा पाहिल्या. चकती सरकवून पाहिली, चकतीखाली रबर लावून पाहिलं. मास्तर न कुरकुरता पुन्हा पुन्हा वाजवत होते. संध्याकाळ होत आली तरी मशीनला एक गोष्ट समजावून सांगता आली नाही, की यातला कुठला लहान ठोका बिमारीचा आणि कुठला तीस वर्षांच्या हाताचा.

"असं करू मास्तर," मी म्हणालो. "फुटाण्यांची जागाच गाण्यातून काढू. मालकाला काय समजतं?"

"काढ," ते म्हणाले. मी काढली. त्यांनी ते गाणं डोळे मिटून ऐकलं. संपल्यावर म्हणाले, "चांगलं हाय. कोन वाजवलं?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

"इंजिनेर, हात हालतेत हे लोकाईले दिसनच. आज नाई त उद्या दिसन. पन ट्रकवर बसून फुटाने नाई वाजवले त लोकं म्हनतीन, मास्तर कुठी गेला. मी त तथीच बसून असन ना." त्यांनी बोटानं मशीन दाखवलं. "बहिरेपन काढ तिचं. सारं ऐकू दे."

"मालक नाही म्हणेल."

"म्हनू दे. मले नाई म्हनू दे. या दुसऱ्या मानसाले हो म्हनून काय फायदा?"

गाणं तसंच ठेवलं, पिल्लांसकट. दुसऱ्या दिवशी पार्टीमालक ते ऐकायला अमरावतीला आला. मी गाण्याची दोन्ही रेकॉर्डिंग तयार ठेवली होती, पिल्लांचं आणि बिनपिल्लांचं, पण मास्तरांनी मला डोळ्यांनीच दाबलं. मालकानं ऐकलं. गडी कपाळाला आठ्या घालून पुन्हा ऐकायला लागला. मला वाटलं, झालं, मास्तरांची जागा गेली.

"मास्तर," तो शेवटी म्हणाला, "हे ठोक्याच्या मांगं काय खडखड लावली? नवीन काढलं का काई?"

मास्तरांच्या डोळ्याची पापणी लवली नाही. "मनगट सोडलं हाय," म्हणाले. "बाहेर आजकाल असंच चालते. तुमाले ठाऊक नाई का?"

आता वऱ्हाडात कुठल्या मालकाला तुम्हाला ठाऊक नाही का असं विचारलं, तर तो ठाऊक नाही म्हणत नाही. "ठाऊक हाय ना," मालक म्हणाला. "पन तुमी त्याहून चांगलं सोडलं."

तो हंगाम मास्तर ट्रकवर बसले. आणि पुढचं ऐकून तुम्ही मला नेहमीसारखं खोटारडा म्हणणार, तर म्हणा. त्या वर्षी चांदूर रेल्वेपासून पातूरपर्यंत प्रत्येक ड्रमवाला मनगट सोडायला लागला. चांगल्या धडधाकट हातांची पोरं पानठेल्याच्या फळीवर हात थरथरवत बसलेली मी पाहिली आहेत. माझ्याकडे लोक यायचे, म्हणायचे, मास्तरसारखी खडखड टाकून द्या. मी म्हणायचो, ती मशीनमध्ये नाही. त्यांना वाटायचं मी लपवतो. एक-दोघं तर थेट अकोल्याला मास्तरांच्या घरी गेले शिकायला. मास्तरांनी शिकवलंही. "लय ताठ धरून राहिला तू," म्हणून पोरांना रागवायचे. "हाताले सांगू नको काई. त्याले वाट्टे ते करू दे."

दुसऱ्या हंगामाला मात्र त्यांना ट्रकवर चढता आलं नाही. चौघांनी उचलून बसवतो म्हटलं, ते नको म्हणाले. खुर्ची टाकून रस्त्याच्या कडेला बसले, आणि ट्रक समोरून जाताना वरच्या ड्रमवाल्याला नावं ठेवत राहिले. मी शेजारी उभा होतो. खालून धुमाल कसा दिसतो असं विचारलं तर म्हणाले, "मोठा दिसते बे."

ते गेले तेव्हा मी नागपूरला एका कामात अडकलो होतो. आठवड्यानं अकोल्याला गेलो. मास्तरांच्या बायकोनं, काकूंनी, चहा टाकला, माझ्या हातात कपबशी दिली आणि समोर बसल्या. मास्तरांबद्दल बोलायचं म्हणून मी वरणाच्या लाटांची गोष्ट काढली, तीही नेहमीपेक्षा दोन पानं लांब. काकूंचं लक्ष नव्हतं. त्या माझ्या हाताकडे पाहत होत्या.

"तुमची बशी वाजत नाई भाऊ," त्या म्हणाल्या. "दोन वर्सं घरात चहा म्हटला की त्याईची बशी वाजे. मी चुलीपाशी असली तरी समजे, की पेले का थंडा केला. आता मी कप ठेवते, अन् काईच ऐकू येत नाई."

मी हात जरा हलवला. कप बशीवर वाजायला लागला.

काकू ऐकत राहिल्या. पदर तोंडाला लावला होता, पण कान माझ्याकडे होता.

"इतकी घाई नोती त्याईची," त्या म्हणाल्या. "थोडं हळू."