राऊळकाका पास झाले

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. रस्त्यात उतरवून टाकलेल्या लिंबावर पाय देऊन ड्यूटीला जाणारी बाई मी! त्यामुळे हे लिहावं की नाही, यातच इतकी वर्षं गेली...

परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात मी फिजिओथेरपिस्ट होते. गिरणी संपाला तीन-चार वर्षं झाली असतील. म्हाताऱ्या पेशंटचं ऑपरेशन करायच्या आधी आमचे सर्जन त्याला माझ्याकडे पाठवायचे — अंगात किती जीव शिल्लक आहे, ते बघायला. हाताची पकड मोजायची, हात न टेकता खुर्चीतून उठवायचं, खोलीच्या टोकापर्यंत चालवायचं. फारच अशक्त निघाला तर सर चाकू लावत नसत, औषधांवर भागवत. "वय सोड गं, हा माणूस टेबलावरून परत येईल का, तेवढं सांग," म्हणायचे.

पेशंट बहुतेक लालबाग-परळचे गिरणी कामगार. गिरण्या तेव्हा थोड्याथोड्या लोकांना परत घेत होत्या, म्हाताऱ्यांना गेटवरूनच घालवत होत्या. म्हणून कोणी अंग चोरलं की माझा ठरलेला जोक — "जोर लावा काका, मिलमध्ये परत जायचंय ना?" हसायचे बिचारे.

राऊळकाका हसले नाहीत. साचेखात्यात मागावर आयुष्य काढलेला, काडीसारखा झालेला मालवणी माणूस. पोटाचं ऑपरेशन होतं. त्यांनी दात आवळून पकड मोजायच्या यंत्राचा काटा असा फिरवला, की मी बघतच राहिले. ताडकन उठले, ताठ चालले. मग हळूच विचारलं, "चेडवा, माका घेतल्यानी काय?"

"घेतलं की, काका! फर्स्ट क्लास पास!" मी म्हटलं... आणि सरांना 'दणकट आहेत' म्हणून कळवलं.

ऑपरेशननंतर काका उठलेच नाहीत. काकू सामान न्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "डबो घासून ठेव, माका परत घेतल्यानी, असा सांगी होते गो." त्या माणसाने उरलासुरला जीव माझ्या जोकवर उधळला होता, आणि मी त्यालाच ताकद समजले. हे मी कोणालाही सांगितलं नाही. अगदी आईलाही नाही.

पुढच्या आठवड्यात, भर दुपारी, शिवडी कोळीवाड्याची एक आजी माझ्यासमोर त्याच खुर्चीत बसली होती. त्याच सकाळी अ‍ॅडमिट झालेली. मी पकड मोजायला गेले तर म्हणाली, "माजं राहू दे, बाय. आदी त्या बाबाला सांग. कवाचा दारात उभा हाय, हातात डबा घेऊन."

दारात कोणीच नव्हतं.

"काय... काय म्हणतोय?" मी कसंबसं विचारलं.

कोळीण आजी अस्सल मालवणीत म्हणाली, "चेडवा, माका घेतल्यानी काय?"

आजीला भास झाला म्हणावं, तर ते शब्द तिच्याकडे आले कुठून? आणि डबा?

मला खरं छळतं ते वेगळंच. 'काका, माफ करा, ती नुसती चेष्टा होती' — एवढं तरी त्या रिकाम्या दाराकडे बघून म्हणायला हवं होतं. पण तोंडातून निघालं, "घेतलं, काका. जा तुम्ही."

आजी दाराकडे बघत होती. "गेला," म्हणाली. "खुशीत गेला, बाय."

म्हणजे मी त्यांना दुसऱ्यांदा फसवलं.