धपाट्यांसाठी उपोषण

समाजाची संस्कृती संकटात सापडते तेव्हा त्या समाजातला विचारी माणूस घरात स्वस्थ बसून राहू शकत नाही. आमच्या नवीन जालन्यातला विचारी माणूस तसाही संध्याकाळी घरात बसत नसे, आणि घरच्यांचीही तशी अपेक्षा नव्हती. साडेपाच वाजले की तो चपला सरकवून अंबड रस्त्यावरच्या बागेत जाई आणि झुकझुक गाडीशेजारच्या बाकावर बसून संस्कृती संकटात सापडण्याची वाट बघे.

बाग म्हणजे नुसती झाडांची नव्हे. बियाण्याच्या धंद्यात चांगला जम बसलेल्या एका शेठनी नव्वदच्या दशकात गावाबाहेरच्या आपल्या जमिनीवर ती करमणुकीची बाग उभी केली होती. आकाशपाळणा होता, होडीचा झोका होता, वेडेवाकडे आरसे होते आणि एक सिमेंटचा डायनासोर होता. झुकझुक गाडी एका फेरीत दोनदा बोगद्यातून जायची. बोगदा एकच होता, गाडी त्यातून जाऊन परत यायची. मराठवाड्यात असं दुसरीकडे कुठंही नाही, असं आम्ही पाहुण्यांना सांगत असू. पाहुणे औरंगाबादचे असले तर सांगत नसू.

या बागेचं एक उद्यानप्रेमी मंडळ होतं. अकरा सभासद, सगळे वार्षिक पासधारक. अध्यक्ष पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. आयुष्यभर कालव्यांची पाहणी केलेला हा माणूस आता आकाशपाळणा कोणत्या दिवशी किती वेळ बंद होता याची वहीत नोंद ठेवी. दुसरे एक वकील होते. त्यांची वकिली अंबडच्या कोर्टात चाले, म्हणजे सकाळी तिकडे जाऊन दुपारी ते परत येत. मी हायस्कुलात भूगोल शिकवत असे. माझं अक्षर बरं, म्हणून मी चिटणीस. हिरव्या डायनासोरला शेठनी तपकिरी रंग दिला तेव्हा मंडळानं निषेधाचा ठराव केला होता. तो मीच लिहिला. मूळ रंगाशी छेडछाड झाल्याबद्दल तीव्र चिंता व्यक्त केली होती. मूळ डायनासोर कोणत्या रंगाचा होता हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं, पण ठरावाला त्याची गरज पडली नाही.

बागेत खायला एकच जागा होती. भोकरदनकडच्या एका खेड्यातून आलेल्या मावशी तिथं पत्र्याखाली धपाटे करायच्या. ज्वारीचं पीठ, त्यात थोडी कणीक, थोडं बेसन, ओल्या फडक्यावर थापून फडक्यासकट उचलायचं आणि तव्यावर उलटं टाकायचं. सोबत दही आणि ठेचा. थापायचं काम मावशींचं, भाजायचं सुनेचं. खेड्यापाड्यांतून आलेली कुटुंबं, शाळांच्या सहली, नवी लग्नं झालेली जोडपी, सगळे तिथंच खायचे. मंडळाचं म्हणाल तर अध्यक्षांना आम्लपित्त होतं, वकिलांना ठेचा सोसत नव्हता आणि बाकीच्यांना डॉक्टरांनी काही ना काही बंद केलेलं होतं. मावशींच्या माठातलं पाणी मात्र मंडळ नियमित पीत असे.

शेठचा मुलगा पुण्याला शिकून आला आणि येताना एका कॉफी कंपनीशी बोलणी करून आला. शहराशहरात दुकानं असलेली ती कंपनी. काचेचं दार, कागदी पेले, फुसफुसणारं यंत्र. तिला बागेत जागा हवी होती आणि मावशींचीच हवी होती, कारण सावली तेवढ्याच ठिकाणी होती. महिनाअखेरीला जागा सोडा, असं शेठनी मावशींना स्वतः येऊन सांगितलं.

मावशींनी आम्हाला सांगितलं ते पीठ मळता मळता.

“म्या शेठला म्हन्लं, आत न्हाई तर न्हाई. फाटकाबाहेर लिंबाखाली चूल मांडते, तेवढी जागा द्या. शेठ म्हन्ले, बघू.”

शेठचं ‘बघू’ म्हणजे बारा आणे होकार असतो, हे जालन्यात सगळ्यांना माहीत होतं. चार दिवस कुणी काही बोललं नसतं तर प्रकरण लिंबाखाली मिटलं असतं. पण वकील उभे राहिले होते.

“मावशी, हा तुमच्या चुलीचा प्रश्न नाही. हा आपल्या अस्मितेचा प्रश्न आहे.”

“चुलीचाच हाये की,” मावशी म्हणाल्या.

“तुम्हाला नाही कळायचं ते. तुम्ही निश्चिंत राहा.”

“म्या निश्चिंतच व्हते आतापस्तोर,” असं म्हणून त्या पुन्हा पिठाकडे वळल्या.

सभा त्याच संध्याकाळी झाली. आज धपाटे जातील, उद्या आकाशपाळणा जाईल, असं अध्यक्ष म्हणाले. कॉफी ही मुळात आपली नव्हेच, असं वकील म्हणाले. चहाचं काय, असं एका सभासदानं विचारलं, तेव्हा त्याला विषयांतर करू नका असं सांगण्यात आलं. मग निवेदनाचा मसुदा. मी पहिलं वाक्य लिहिलं: मावशींना फाटकाबाहेर लिंबाखाली धपाट्यांसाठी जागा द्यावी.

अध्यक्षांनी चष्मा वर करून ते वाचलं. “हे फार बारीक झालं, सर. निवेदनात एकेका माणसाचं काही मागायचं नसतं. तत्त्वाचं मागायचं.”

वकिलांनी माझं वाक्य खोडलं आणि तिथं घातलं: पारंपरिक खाद्यसंस्कृतीचे उद्यानात कायमस्वरूपी जतन करण्यात यावे. मी ते सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं आणि ‘कायमस्वरूपी’खाली रेघ मारली. रेघ कुणी सांगितली नव्हती. ती माझी.

शेठनी निवेदन घेतलं, चहा पाजला आणि पुन्हा ‘बघू’ म्हणाले. यावर मंडळानं साखळी उपोषणाचा निर्णय घेतला. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो: साखळी उपोषणात एकानं मरेपर्यंत उपाशी राहायचं नसतं, पाळीपाळीनं बसायचं असतं. आमची पाळी सकाळी दहा ते संध्याकाळी पाच होती. येताना घरून पोहे खाऊन यायचं आणि जाऊन जेवायचं. म्हणजे त्याग दुपारच्या जेवणाचा. ज्या दोघांना साखरेचा आजार होता ते एकेक तास बसणार होते, खिशात बिस्किटं ठेवून.

बसायचं कुठं? उन्हात अध्यक्षांना चालत नव्हतं. सावली तेवढ्याच ठिकाणी होती, हे मघाशी सांगितलंच. मावशींच्या पत्र्याखाली, चुलीपासून पाच हातांवर गाद्या पडल्या. मागे कापडी फलक लागला: ‘धपाटे आमच्या हक्काचे’.

पहिल्या दिवशी अकराच्या सुमाराला मावशींनी नेहमीप्रमाणे चूल पेटवली. पहिलं धपाटं तव्यावर पडलं. अध्यक्षांनी डोळे मिटून घेतले. तिसऱ्या धपाट्याला त्यांनी मला खूण करून बोलावलं.

“सर, तिला सांगा जरा. इथं माणसं उपाशी बसलीत. थोडं भान ठेवायला नको?”

मी जाऊन सांगितलं. आजही ते आठवलं की मला माझ्या शिक्षणाबद्दल शंका येते.

“मंग भाजू नको का?” मावशींनी विचारलं.

“समोर उपोषण चालू आहे, मावशी. बरं दिसत नाही.”

“कशापायी बसलेत ते?”

“तुमचे धपाटे चालू राहावेत म्हणून.”

मावशींनी माझ्याकडे बघितलं. सुनेकडे बघितलं. सून पदर तोंडाला लावून दुसरीकडे वळली. मग मावशींनी लाकडं मागे ओढली, त्यांवर पाणी मारलं आणि मळलेलं पीठ फडक्यानं झाकून ठेवलं.

दिवाळीची सुट्टी नुकतीच लागली होती. वर्षातली सगळ्यात जास्त गर्दी याच आठवड्यात व्हायची आणि मावशींचा हा बागेतला शेवटचा आठवडा होता. गिऱ्हाईकं येत होती. परतूरकडचं एक मोठं कुटुंब आलं, आजोबांपासून तान्ह्या मुलापर्यंत. त्यातल्या बाईनं विचारलं, “धपाटे हायेत का?” उत्तर वकिलांनी दिलं. ते वीस मिनिटं चाललं. परंपरेवर घाला कसा येतो आणि जागृत नागरिकानं अशा वेळी काय करायचं असतं, हे त्यांनी सविस्तर सांगितलं. कुटुंबानं ऐकून घेतलं. आजोबांनी शेवटी एवढंच विचारलं, “ते समदं बराबर हाये, पन धपाटे हायेत का?” नव्हते. ते तिकीटखिडकीवरून वेफर्सची पाकिटं घेऊन निघून गेले.

तिसऱ्या दिवशी मावशींनी पीठ आणणं बंद केलं. त्या नुसत्या येऊन बसायच्या. गावातल्या एका वर्तमानपत्राचा माणूस आला तेव्हा अध्यक्षांनी त्यांना गादीवर बोलावून शेजारी बसवलं. फोटो छान आला. मावशींचा अर्धा चेहरा फलकाच्या घडीत गेला होता.

या फोटोनं काम बिघडवलं. तोवर शेठ हसत होते, आता चिडले. मावशी लिंबाखालच्या जागेचं विचारायला त्यांच्या पेढीवर गेल्या तेव्हा मीही सोबत होतो, निवेदनाची दुसरी प्रत घेऊन.

“मावशी, मला जागा द्यायची होती,” शेठ म्हणाले. “बिलकुल द्यायची होती. मुलालाही तसं बोललो होतो, विचारा त्याला. पण आता दिली तर सगळा बाजार काय म्हणेल? चार म्हातारे गादीवर बसले अन् शेठ घाबरला. आता नाही जमत.”

“म्या कुठं बसले गादीवर?”

“पेपरात बसल्यात ना.”

मग शेठनी माझ्या हातातली प्रत घेतली. व्यापारी माणूस, कागद दोनदा वाचायची सवय. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर त्यांनी तो मावशींपुढे धरला, जणू त्यांना वाचता येत होतं.

“आणि यात तर तुमचं काहीच मागितलेलं नाही. जतन करा म्हणतात. कायमस्वरूपी. खाली रेघ पण आहे.”

सहाव्या दिवशी शेठनी मंडळाची मागणी जशीच्या तशी लेखी मान्य केली. फटाके वाजले. उपोषण लिंबूपाण्यानं सोडायची रीत असते, पण लिंबं, साखर, पेले सगळं मावशींकडे असायचं आणि आदल्या दिवशीच त्या भांडीकुंडी, माठ, तवा टेम्पोत घालून निघून गेल्या होत्या. हे तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं. कॉफी कंपनीचा टाय लावलेला मॅनेजर पलीकडे नुकतंच आलेलं यंत्र तपासत होता. प्रसंग ओळखून तो कागदी पेला भरून घेऊन आला. अध्यक्षांनी वकिलांकडे बघितलं.

“पेय आहे,” वकील म्हणाले. “पेयानं सोडायला हरकत नाही.”

अध्यक्षांनी घोट घेतला. साखर कमी आहे म्हणाले.

काचेचं दुकान पुढच्या महिन्यात सुरू झालं. मंडळानं आठ दिवस त्याच्याकडे पाठ करून बसण्याचा कार्यक्रम पाळला. नवव्या दिवशी अवकाळी पाऊस आला आणि मंडळ आत गेलं. वर्षभरात सभासदांना कोणत्या यंत्रातली कॉफी जास्त चांगली ते कळू लागलं, आणि कंपनीनं पेल्याचा आकार लहान केला तेव्हा परंपरागत आकार कायम ठेवावा असा ठराव झाला. तो मी लिहायला नकार दिला. माझ्या नकाराचं फार कौतुक नको, त्या सुमाराला माझा हात दुखत होता.

शेठनीही शब्द पाळला. डायनासोर करणाऱ्या माणसाकडून त्यांनी एक सिमेंटची बाई करवून घेतली. हिरवं नऊवारी लुगडं, नाकात नथ, गळ्यात चार पदरी सोनेरी हार, आणि छातीसमोर उचललेल्या दोन तळव्यांच्या मध्ये चंद्रासारखी गोल भाकरी. पुढ्यात सिमेंटची चूल, चुलीत लाल दिवा. खाली ‘आपली खाद्यसंस्कृती’ अशी पाटी. फीत अध्यक्षांनी कापली. कायमस्वरूपी जतन याहून चांगलं करता आलं नसतं. ती बाई पावसातही विरघळली नाही.

दीड-दोन वर्षांनी मावशी आणि त्यांची सून बागेत दिसल्या. सुनेला जालन्याच्या डॉक्टरला दाखवायला आणलं होतं. जाता जाता आल्या होत्या. मावशी पुतळ्यासमोर उभ्या होत्या.

“सर, ही म्याच हाये म्हनं. तिकडं भोकरदनला मान्सं सांगून राह्यली.”

“तसंच काहीसं आहे,” मी म्हणालो.

“धपाटं असं हवेत थापत न्हाईत. फडक्यावर थापत्यात.” मग गळ्याकडे बघून, “अन् एवढं सोनं म्या कवा घातल्तं?”

सून हसायला लागली. त्या दोघी आता भोकरदनच्या स्टँडजवळ बसत होत्या. तिथं कसं चाललंय, असं मी विचारलं.

“बरं हाये,” मावशी म्हणाल्या. “तिथं कुनी उपाशी बसत न्हाई.”

बाकावरून अध्यक्षांनी ओळखीचा हात केला आणि कॉफी प्यायला या म्हणून बोलावलं. मावशींनी नको म्हटलं. त्यांना चारची गाडी गाठायची होती. मी त्यांना सोडायला फाटकापर्यंत गेलो. फाटकावरचा माणूस नवा होता. आठ वर्षं त्या याच फाटकातून पिठाचं डबडं घेऊन आत येत असत हे त्याला माहीत असायचं कारण नव्हतं. पुतळा बघायला आत येण्यासाठी त्यानं दोघींना पूर्ण तिकीट काढायला लावलं होतं.