तीनशेची लेन्स आणि टिटवीची अंडी

मला एका जागी बसता येत नाही. पेपर तपासायला घेतले तरी दहा झाले की मी उठायचे, गॅलरीत जायचे, कुंडीतली माती उकरायचे, पुन्हा येऊन बसायचे. विरारला आमचा फ्लॅट होता आणि जवळच्याच शाळेत मी पाचवी ते सातवीला विज्ञान शिकवायचे. नवरा मुंबईच्या ऑफिसात. रविवारी त्याला झोपायचं असायचं आणि मला बाहेर पडायचं असायचं. कुठे, ते मलाही ठाऊक नसायचं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा माझा दीर आखातातली नोकरी सोडून परत आला. येताना त्याने एक चांगला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा आणला होता. पोराच्या बारशाचे फोटो काढून झाल्यावर त्याचा उत्साह संपला. "वहिनी, तुम्हीच घ्या हा. ह्यात फार आकडे आहेत," म्हणाला आणि पट्ट्यासकट माझ्या हातात दिला.

मी पहिल्याच रविवारी मोपेडवरून अर्नाळ्याला गेले. किनाऱ्यावर पांढऱ्या पक्ष्यांचा मोठा थवा बसला होता. मी त्यांच्या दिशेने चालू लागले, मग पळू लागले. थवा उडाला, थोडा पुढे जाऊन बसला. मी पुन्हा पळाले. छत्तीस फोटोंचा रोल अर्ध्या तासात संपला. बोंबील वाळत घालणारी एक बाई कमरेवर हात ठेवून बघत होती. "खायचेत का तुला ते?" तिने विचारलं, आणि तिच्या शेजारच्या बायका खो खो हसल्या.

रोल धुवायला दिला तो स्टेशनजवळच्या एका स्टुडिओत. स्टुडिओवाले साठीच्या घरात होते. लग्नं, बाप्तिस्मे आणि पासपोर्टचे फोटो काढून त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यांनी माझे प्रिंट काउंटरवर पत्त्यांसारखे पसरले, चष्मा कपाळावर चढवला आणि एकेक प्रिंट उचलून उजेडात धरला.

"बाई, पक्षी कुठायत?" शेवटी म्हणाले.

छत्तीसांपैकी तीसेक फोटोंत नुसतं आकाश होतं. उरलेल्यांत कोपऱ्यात पांढरे ठिपके. पण त्यांनी मला हसून घालवलं नाही. प्रत्येक प्रिंटच्या मागे बॉलपेनने एकेक शब्द लिहून दिला. 'हलला.' 'उशीर.' 'उशीर.' 'लांब.' 'पुन्हा उशीर.' तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी माझा रोल आणि त्यांचं बॉलपेन असं सुरू झालं. कुठल्या उजेडात शटर किती ठेवायचं, श्वास कधी रोखायचा, कोपर पोटाला कसं टेकवायचं, हे सगळं मी त्या काउंटरवर उभ्याउभ्या शिकले. वहीत प्रत्येक फोटोचे आकडे लिहायची सवयही त्यांनीच लावली. वर्षभरात 'हलला' कमी झालं. 'उशीर' मात्र जाईना.

"तुम्ही पक्ष्याच्या मागे जाता," ते म्हणाले. "नवरीच्या मागे कॅमेरा घेऊन धावलो असतो तर मला कुणी दुसरं काम दिलं असतं का? मी स्टेजजवळ उभा राहतो. नवरी येते."

"मला नाही जमत उभं राहायला."

"मग निदान लांबून तरी काढा," म्हणत त्यांनी कपाटातून एक जुनी तीनशेची, म्हणजे तीनशे मिलिमीटरची लेन्स काढली. तिच्यात कडेला थोडी बुरशी होती. त्यांच्या कामाची ती नव्हतीच, कारण मंडपात एवढी लांब लेन्स कोण लावणार? माझ्या कॅमेऱ्याला ती बसली. लावून मी स्टुडिओच्या दारातून समोरच्या तारेवरचा कावळा पाहिला आणि त्याचा डोळा दिसला. त्या आनंदात मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

त्या वर्षी परीक्षा संपल्या आणि मी शिरसाड फाट्यावरून आत, पूर्वेच्या गावांकडे जाऊ लागले. रोज वेगळा रस्ता. चांदीप गावाजवळ एका सकाळी रिकाम्या भातखाचरांवरून एक टिटवी ओरडत माझ्या डोक्यावर घिरट्या घालू लागली. मी मोपेड लावली, कॅमेरा काढला आणि वर बघत बघतच शेतात शिरले.

"ओ बाई! थांबा! पाय उचलू नका!"

बांधावरून एक माणूस हात हलवत होता. पन्नाशीचा, बनियन आणि गुडघ्यापर्यंत खोचलेलं धोतर. "खाली बगा," तो म्हणाला.

माझ्या चपलेपासून वीतभर अंतरावर ढेकळांत चार अंडी होती. मातीच्याच रंगाची, काळ्या ठिपक्यांची, निमुळती टोकं आत करून मांडलेली. ना काडी, ना गवत. मी विज्ञान शिकवत होते आणि टिटवी घरटं बांधत नाही हे फळ्यावर लिहून दिलेलं होतं. तरी खाली बघायचं मला सुचलं नव्हतं.

तो शेतकरी त्या जमिनीचा मालक. मी शिक्षिका आहे कळल्यावर त्याच्या 'बाई'ला वेगळाच मान आला. त्याने मला दाखवलं की, ती अंडी बरोबर त्याच्या राबाच्या कडेला होती. पावसाआधी भाताची रोपं करायची जागा शेण, पालापाचोळा पसरून भाजतात, तो राब. पालापाचोळा अंथरून झाला होता. काडी लावायची तेवढी बाकी होती. मग त्याला अंडी दिसली. त्याने अख्खा राब उचलून पुढच्या खाचरात नेला.

"एवढं काम पुन्हा केलंत?" मी विचारलं.

"आता ती बसली तितं. तिला थोडंच उचलून नेनार?" तो म्हणाला. "बायको बडबडली. बडबडू दे."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशीही. त्याने मला बांधावरच्या एका आंब्याखाली जागा दाखवली. तिथून अंडी साठ-सत्तर पावलांवर होती. टिटवी येऊन बसायची, मान वळवून माझ्याकडे बघायची. तीनशेच्या लेन्समधूनही ती चण्याएवढीच दिसत होती. मी पाच मिनिटं बसायचे, मग उठायचे, बांधावरून फेऱ्या मारायचे, पाणी प्यायचे, पुन्हा बसायचे. ती मात्र तिथेच. तिचा मला हेवा वाटायचा आणि रागही यायचा.

प्रिंट आले. स्टुडिओवाल्यांनी मागे लिहिलं, 'शार्प. पण लांब.'

त्या एका शब्दाने माझं डोकं फिरलं. मी आंब्यापासून दहा पावलं पुढे सरकले. दुसऱ्या दिवशी आणखी दहा. शेतकरी लांबून बघत राहायचा. मग त्याच्या पुतणीचं लग्न आलं आणि तो दोन दिवस घरच्यांबरोबर वाडा तालुक्याकडे जायला निघाला. जाताना म्हणाला, "बाई, लई जवळ नका जाऊ. आता आटवड्याभरात फुटतील."

"नाही जात," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दहाला मी तिथे पोचले. आसपास कोणी नव्हतं. शेतात पेंढ्याचे भारे पडले होते. त्यातले दोन ओढत नेऊन मी अंड्यांपासून पंधरा पावलांवर एकावर एक ठेवले आणि मागे मांडी घालून बसले. दोन्ही टिटव्यांनी ओरडून रान डोक्यावर घेतलं. मग नर कुठेतरी निघून गेला. मादी वीसेक पावलांवर उभी राहिली, एक पाऊल पुढे टाकायची, थबकायची, मागे जायची. मला वाटलं, आता येईल. पाच मिनिटांत येईल.

अकरा वाजले, साडेअकरा वाजले. एप्रिलचं ऊन. माझी ओढणी घामाने डोक्याला चिकटली होती आणि कॅमेऱ्याचं धातूचं अंग हाताला भाजत होतं. टिटवीची चोच उघडीच होती. आणि गंमत म्हणजे मी उठले नाही. जन्मात पहिल्यांदा मी एका जागी बसले होते. पाय बधिर झाला तरी हलवला नाही. मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. स्टुडिओवाल्यांना कसं सांगायचं, ते शब्दसुद्धा मी मनात जुळवत होते.

बारानंतर ती उडाली आणि दिसेनाशी झाली. परत आली तेव्हा सरळ चालत अंड्यांवर आली. तिचं पोट ओलंचिंब होतं. पिसांच्या टोकांवरून थेंब लोंबत होते. ती अंड्यांवर पाय फाकून उभी राहिली, चोच उघडी, डोळ्याभोवतीचं लाल कातडं चमकत होतं. रोलमध्ये तीन फोटो उरले होते. मी श्वास रोखला. तिन्ही काढले आणि रोल आपोआप मागे फिरायला लागला. त्या घरघरीने ती पुन्हा उडाली. मला पर्वा नव्हती. मी घरी आले तेव्हा एक वाजून गेला होता आणि मी मोपेडवर मोठ्याने गात होते.

स्टुडिओवाल्यांनी त्यातला मधला फोटो मोठा केला. मागे काहीच लिहिलं नाही. फोटो फ्रेम करून त्यांनी तो नवरानवरींच्या फोटोंशेजारी दुकानाच्या काचेत लावला. रस्त्याने जाणारे थांबून बघायचे. शाळेतल्या इतर बाईंनी माझं अभिनंदन केलं. नवऱ्याने ऑफिसातल्या दोघांना मुद्दाम आणून दाखवला.

आठवडा उलटल्यावर मी पिल्लं बघायला चांदीपला गेले. शेतकरी अंड्यांपाशी उकिडवा बसला होता. टिटवी दूर बांधावर गप्प उभी होती. त्याने एक अंडं उचललं, कानाशी धरून हळूच हलवलं, पुन्हा ठेवलं. दुसरं उचललं.

"गेली," तो म्हणाला. "चारी."

"का?"

"ऊन लागलं असंल. एरवी लागू देत नाय ती. दुपारी तळ्यावर जाते, पोट पान्यात भिजवते आनि येऊन अंड्यांवर उभी राते. अंडी गार ठेवते. दिवसभर फेऱ्या चालतात तिच्या, तुम्ही बगितलं नाय?"

मी बघितलं होतं. माझ्याकडे त्याचा फोटो होता. दहापासून साडेबारापर्यंत त्या उघड्या अंड्यांवर ऊन तापत होतं आणि मी पेंढ्याच्या आडोशाला स्वतःचं कौतुक करत बसले होते. मला सांगायचं होतं. तोंड उघडलंसुद्धा. पण म्हणाले, "अरेरे." तेवढंच.

त्यानंतर मी स्टुडिओसमोरून जाणं टाळू लागले. भाजी आणायला मी उगाच मागच्या गल्लीने जायचे. कॅमेरा कपाटात ठेवला, दोन दिवसांनी काढला, पुसला, पुन्हा ठेवला. शाळा सुरू झाल्यावर मुलांना पक्ष्यांचा धडा शिकवायची वेळ आली, तेव्हा तो मी पुढे ढकलला. नवरा म्हणाला, "तुला काय होतंय? घरात नुसती येरझाऱ्या घालतेस." "काही नाही," मी म्हणाले.

शेवटी गणपतीच्या सुमाराला मी स्टुडिओत गेले आणि तो फोटो काढून ठेवा म्हणाले. त्यांनी कारण विचारलं. मी सगळं सांगितलं, अगदी पेंढा ओढत नेल्यापासून. त्यांनी ऐकून घेतलं. काचेतून फोटो काढला, फडक्याने पुसला.

"फोटो चांगलाच आहे, बाई," म्हणाले. "त्याला आता मी काय करू?" आणि कागदात गुंडाळून मला दिला.

पुढच्या एप्रिलमध्ये मी कॅमेरा न घेता चांदीपला गेले. शेतकरी राबावर शेण पसरत होता. मी बांधावर उभी राहूनच सांगून टाकलं. गेल्या साली अंडी माझ्यामुळे गेली. तुम्ही लग्नाला गेलात तेव्हा मी जवळ जाऊन बसले होते.

त्याने हात पाटाच्या पाण्यात धुतले, धोतराला पुसले आणि कनवटीला खोचलेली एक काळी प्लास्टिकची डबी काढली. फिल्मच्या रोलची डबी होती ती. झाकण उघडून त्याने बोटाच्या टोकाने चुना घेतला.

"पेंढ्यामागं गावली होती," तो म्हणाला. "डबी चांगली हाय. चुना सुकत नाय."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तुमचं तोंड बगितलं तवा." त्याने तंबाखू मळली, तोंडात टाकली. मला वाटत होतं त्याने चार शब्द सुनावावेत. त्याने हात झटकले आणि म्हणाला, "चला. यंदा पलीकडच्या खाचरात बसलीय. लांबूनच दाखवतो."

त्या साली मी आठवड्यातून दोनदाच गेले, तेही ऊन चढायच्या आत. कॅमेरा आंब्याखालीच लावायचे. टिटवीने मान ताठ केली की मी मागे सरायचे. ओरडली तर सामान आवरून निघायचे. ती कधी ताठ होते, कधी नुसती बघते, कधी तिला माझं काही वाटत नाही, हे हळूहळू कळू लागलं. फोटो लहानच आले. त्यात शेत होतं, बांध होता, राब होता आणि मध्ये कुठेतरी ती. स्टुडिओवाल्यांनी त्यातल्या एकाच्या मागे 'बरा' असं लिहिलं.

मेच्या मधल्या आठवड्यात अंडी फुटली. शेतकऱ्याने गावातल्या दुकानातून आमच्या शेजाऱ्यांकडे फोन करून निरोप ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तर टिटवी शेतभर ओरडत होती आणि पिल्लं कुठेच दिसत नव्हती. तो बोट दाखवून मोजत होता, "एक तितं. दोन त्या ढेकळामागं. तिसरं आता हललं." मला ढेकळंच दिसत होती. डोळ्याला लेन्स लावून मी एकेक ढेकूळ तपासलं. एक दिसलं, तेवढ्यात ते जमिनीला चिकटलं आणि पुन्हा माती झालं. फोटो आला नाही.

"चौथं?" मी विचारलं.

"चौथं फुटलं नाय," तो म्हणाला. "होतं तसं कदी कदी."

आठ वाजायला आले होते आणि बांधावर ऊन चढू लागलं होतं. मी कॅमेऱ्याला झाकण लावलं.

"बसा की. आत्ताच तर आलात. चा ठेवायला सांगतो."

"नको. ती ओरडतेय," मी म्हणाले, आणि मोपेडकडे निघाले.