सिस्टरच्या टायरवरच्या खाचा

“नख बसतंय का बघ आधी,” असं म्हणत आमच्या आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टर वाकायच्या आणि गाडी कुणाचीही असो, टायरच्या खाचेत अंगठ्याचं नख घालून बघायच्या. एका लग्नात तर हातात अक्षता तशाच ठेवून त्यांनी नवरदेवाच्या गाडीचं टायर तपासलं. तुम्ही हसाल, आम्हीही हसलो होतो.

आमची बोरीकडची माती काळी. पावसात ती चाकात अशी भरते की गाडी जागची हलत नाही. सिस्टरनी स्कूटीचं पुढचं मडगार्ड काढून टाकलं आणि गॅसवर तापवलेल्या चांभारी रापीनं नव्याकोऱ्या टायरवर जादा तिरप्या खाचा पाडल्या. उपकेंद्रात फिनेलपेक्षा जळक्या रबराचाच वास जास्त. टायरवाल्यानं कपाळाला हात लावला.

“सिस्टर, चांगलं टायर वाया घातलं की तुमी.”

“चिखलाला बाहेर पडायला वाट नको का?”

पहिल्या वेळी खाच फार खोल गेली, आतलं कापड उघडं पडलं, टायर फुटलं आणि बाई आपटल्या. तेव्हापासून खाच नखाएवढीच. वस्तीवरचे लोक चिखलातला तिरपा माग बघून सांगायचे, सिस्टर येऊन गेल्या.

एका पावसाळ्यात ओढ्यापलीकडच्या वस्तीवर एक सून बाळंतपणात अडली. ॲम्ब्युलन्स डांबरी रस्त्यावरच थांबली. “जाऊ नका, रुताल,” ड्रायव्हर म्हणाला. मी आशा कार्यकर्ती, पिशवी घेऊन सिस्टरच्या मागं बसले.

“घट्ट धर. बोलू नको,” त्या म्हणाल्या.

खाचांतून उडालेला चिखल माझ्या साडीवर, तोंडावर येत होता, पण गाडी पुढं जात होती. पोचलो तेव्हा बाळाचं डोकं बाहेर आलं होतं आणि नाळ गळ्याभोवती. सिस्टरनी बोट घालून ती अलगद सोडवली. बाळ रडलं, तशी मीही रडले. बाहेर येऊन त्यांनी आधी टायर धुतलं. मला त्या बाईचा इतका अभिमान वाटला की सांगायची सोय नाही, आणि तो अजून तसाच आहे.

आता त्या निवृत्त होऊन वालूरला लेकाकडं असतात. जाताना रापी मला देऊन गेल्या. यंदा मी माझ्या गाडीच्या टायरवर खाचा पाडल्या, जरा वाकड्याच, आणि वस्तीवर गेले. त्या बाळाची आजी दारात आली. चिखलातला माग बघून तिनं हाक मारली,

“सिस्टर आल्यात का?”

“न्हाई मावशी, मी हाय.”

तिनं पुन्हा मागाकडं पाहिलं.

“खाच तर तिचीच हाय,” ती म्हणाली आणि सुनेला चहा टाकायला सांगितला.