पंखाच्या शिरा लाल असलेला नर

घरची नांदेडच्या दवाखान्यात होती, त्या शेवटच्या दिवसांत एकदा म्हणाली, "तळ्यावर एक जांभळा चतुर येतो. पंखाच्या शिरा लाल हायत त्याच्या. तुम्ही कधी बघितलाच न्हाई." आणि त्याच दमात म्हणाली, "तुमच्यासंगं माझं चांगलं गेलं."

लातूरची लेक उशाशी होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "बाबा, औषधाच्या गुंगीत बोलून राहिली आई. जांभळा चतुर असतो का कुठं?"

उभ्या जन्मात तिनं मला असं कधी म्हटलं नव्हतं. जांभळा गुंगीतला असला तर ते दुसरंही गुंगीतलंच. तेवढ्यावर माझं सगळं अडकलं.

म्हणून यंदा शेततळं भरल्यापासून मी बांधावरच बसून राहिलो. आधी मला वाटायचं, चतुर म्हणजे चतुर. पण बघायला लागल्यावर लई मजा आली. रंगानं भडक तो नर, मळकी पिवळी ती मादी. नर एक जागा धरतो, दुसरा आला की त्याला हाकलून पुन्हा तिथंच बसतो. म्हणून मी पाण्याकडेला कापसाच्या पळाट्या, वाळक्या काटक्या, रोवल्या, की ते समोर येऊन बसतात. पण पिवळा दिसला की मादी म्हणून मोकळं होऊ नये, कोवळा नरही तसाच असतो. शेपटीचं टोक बघावं. नराला तिथं चिमटा असतो, त्यानंच तो मादीची मान धरतो. पायवाटेवर बसणारा राख फासल्यागत निळा, तो नर. पंखावर नारिंगी डाग, तोही नर. लाल तर ढिगानं. जांभळा मात्र एकही न्हाई.

वर्षश्राद्धाला हिमायतनगरहून मेव्हणा आला, तिचा धाकटा भाऊ. मला शोधत तळ्यावर आला.

"दाजी, बगळ्यागत काय बसले? मासे धरता का?"

मी सगळं सांगितलं. तर हसायला लागला. "अक्काला रंग कुठं कळायचे! माझा भगवा फेटा तिला तांबडा दिसायचा. ह्या लालालाच जांभळा म्हणाली असेल. चला, जेवण थंड होऊन राहिलं."

पण मी म्हणालो, "गप बस. ह्याच्या पाठीवर शेपटीपर्यंत काळी रेघ हाय. अन् शिरा बघ, लाल हायत का? हा तो न्हाई."

तो वाकून बघायला लागला. मग म्हणाला, "दाजी, अक्का बसायची कुठं?"

आणि मी ताडकन उठलो. मी बसत होतो बाभळीखाली, सावलीला. ती म्हशीला गवत कापायची ते सांडव्याच्या अंगाला, लव्हाळ्यात. तिकडं माझी एकही पळाटी नव्हती.

दोन पळाट्या उपटून तिकडं पळालो. ह्या वयात पळालो! मेव्हणा मागून ओरडतोय, "दाजी, पडाल!" रोवल्या, अन् बसलो दम धरून.

आला. पिकलं जांभूळ धोतरावर पडल्यावर जो डाग पडतो ना, गुलाबी-जांभळा, तोच रंग. पंखाच्या बुडाशी चहा सांडल्यागत ठिपका. शेपटीला चिमटा. नर! तेवढ्यात उडाला. "गेला!" मेव्हणा म्हणाला. मी म्हटलं, "हलू नको, येतो की न्हाई बघ." अन् आला, तिथंच बसला. मेव्हण्यानं माझा दंड असा दाबला की वळ उठले. "दाजी, शिरा! शिरा लाल हायत!"

त्यानं फोटो काढला. शिरा साफ दिसल्या. लेकीला पाठवला, अन् लगेच फोन लावला.

तिनं फोटो उघडून बघितला. मग म्हणाली, "बाबा, म्हणजे आई शुद्धीत होती."

"हाव. पुरी शुद्धीत. आता दुसरं काय म्हणाली ते सांग. तू उशाशी होतीस, तुझ्या तोंडून ऐकू दे."

तिनं सांगितलं. मी पुन्हा सांगायला लावलं.

"दाजी, फोन इकडं द्या," मेव्हणा डोळे पुसत म्हणाला, "अक्काचं बोलणं मलाही ऐकू द्या."

मी दिला न्हाई.